न थांबणारा बेडूक

"पाय हलवू नकोस गं, टेबल हलतंय," वन्सं म्हणाल्या. मी पाय थांबवला, तर दुसरा हलायला लागला.

नवऱ्याची ही थोरली बहीण वाचनालयाच्या वरच्या खोलीत बायकांना प्रोग्रॅमिंग शिकवते. येणाऱ्या बहुतेक जणी चाळिशी ओलांडलेल्या, माउसला हात लावण्याआधी "बिघडणार नाही ना?" असं विचारणाऱ्या. म्हणून वन्संचा पहिला धडा ठरलेला असतो. पडद्यावरच्या बेडकाला कधीच न संपणाऱ्या उड्या मारायला लावायचं, सगळ्यांनी मनसोक्त घाबरायचं आणि मग लाल बटण दाबून त्याला गप्प करायचं. त्यानंतर काय वाटेल ते शिकवा, कुणी डरत नाही.

यंदा वाचनालयात नवे कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यावर बाहेरचं काही टाकायला बंदी झाली. वन्संचं जुनं सॉफ्टवेअर बाद. वाचनालयाच्या संचालकांनी सांगितलं, ब्राउझरमध्ये चालत असेल तर वर्ग ठेवा, नाहीतर खोली रिकामी करून द्या. मी पेशाने प्रोग्रॅमर. "हात्तिच्या, मी करून देते," असं जेवताना बोलून बसले आणि करूनही दिलं. पडद्यावरचे ठोकळे जोडून बेडकाला सूचना द्यायची पद्धत तीच, बेडूकही तोच, फक्त आणखी चपळ.

आज संचालक बघायला यायचे होते आणि आज सकाळी मला कळलं की लाल बटण चालत नाही. चालतं म्हणजे, बेडूक आपणहून थांबणार असेल तर चालतं! न संपणाऱ्या उड्या लावल्या की ब्राउझर त्यातच गुंतून पडतो, बटणाकडे बघायला त्याला सवड होत नाही, अख्खं पान गोठतं. इतके दिवस मी तपासत होते ते संपणारेच प्रोग्रॅम, कारण मला तेच लिहायची सवय. शिकाऊ माणूस कसा चुकतो हेच मी विसरले होते. स्वतःचा असा संताप आला की काय सांगू.

"वन्सं, लाल बटण चालत नाहीये, आजच्या दिवस पहिला धडा नको," मी म्हटलं. "न संपणाऱ्या उड्यांचा ठोकळा मी लपवून ठेवलाय. झाकली मूठ."

त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"मग आज शिकवू काय?"

"दोन उड्या मारायला लावा. चार लावा."

"बरं," त्या म्हणाल्या. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

संचालक मागच्या खुर्चीत बसले. पुढे एक नवीन बाई होती, बेकरीतून थेट आलेली, बाहीला अजून पीठ. तिने हात मांडीवरच ठेवले होते.

"माझ्याकडून काही मोडलं तर?" तिने विचारलं.

हा प्रश्न आला की वन्संचा चेहरा खुलतो. "मोडाच! मोडून दाखवा," असं म्हणत त्या तिचा हात धरून माउसवर ठेवतात. आज मात्र वन्संनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मी सांगते तेवढंच करा," त्या म्हणाल्या. "इकडेतिकडे हात लावू नका."

बाईने मान डोलवली. सांगितलेला ठोकळा एका बोटाने ओढला, बेडकाने दोन उड्या मारल्या आणि हात लगेच मांडीवर परत गेले. तासभर ती सांगितलं तेवढंच करत राहिली. बाकीच्याही तशाच, मुकाट.

"वा, काय शिस्त आहे!" संचालक खूश होते. "चालू ठेवा वर्ग."

ते गेले, बायकाही गेल्या. वन्सं एकेक कॉम्प्युटर बंद करत होत्या. मला गप्प बसवेना.

"वाचला ना वर्ग?" मी म्हटलं.

"खोली वाचली," त्या म्हणाल्या. "बटण कधी देतेस?"