बर्फीची हजामत

मार्चमध्ये गोकुळ म्हशी भादरायला काढतो, तेव्हा निमोण्यातली पोरं शाळा सुटल्यावर त्याच्या गोठ्यापुढं जमतात. यंदा ब्लेसी आपली बर्फीच घेऊन गेली. बर्फी म्हणजे होल्स्टिन या विलायती जातीची कालवड, अंगावर काळी-पांढरी ठिगळं.

"मामा, हिचीपण करा ना. म्हशी कशा तुकतुकीत दिसत्यात!"

"गाईला कोण भादरतं गं येडे?"

"हिला गोचिडं झाल्यात. केसात दिसत बी न्हाईत."

गोकुळ विरघळला. बर्फी शेपटापासून मानेपर्यंत गुळगुळीत झाली आणि दोन दिवस ऐटीत रानात चरली. तिसऱ्या दिवशी तिची पाठ लालभडक झाली होती, पापुद्रे निघत होते. हात लावला की लाथ.

ब्लेसीची आई राहेल थेट शेजारी गोकुळच्या दारात गेली. "दादा, तुमच्या वस्तऱ्यानं माझी कालवड नासली!"

"राहेलताई, वस्तऱ्याला नावं ठेवू नका. समद्या म्हशी भादरल्या, एकीला ओरखडा न्हाई!"

"मग ही काय आजारी जन्मली व्हय?" राहेल मागोमाग आलेल्या ब्लेसीकडं वळली. "उद्या टेम्पो येतोय. बर्फी राहू गावाला मावशीकडं जाईल. तू कोंबड्या पाळ."

ब्लेसीचे डोळे भरले. तिचे आजोबा याकोब आबा शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. ते घरच्या गोठ्यात तिला घेऊन बर्फीजवळ बसले.

"रडून झालं की सांग. मग बघू."

"झालं."

"एवढ्यात? बरं. सांग, कुठं लाल झालंय आन् कुठं न्हाई?"

ब्लेसीनं बर्फीभोवती फेरी मारली. "पांढऱ्या ठिगळांवर लाल. काळी ठिगळं चांगली हायत." ती थबकली. "आबा, वस्तरा तर दोन्हींवर फिरला!"

"ऐका!" गोकुळ कुंपणापलीकडून ओरडला.

"मग ऊन लागलं असंल," ब्लेसी म्हणाली.

"असं कसं?" गोकुळ म्हणाला. "माझा खिलार बैल पांढराफेक हाय. दिवसभर उन्हात असतो."

"जा ब्लेसी," आबा म्हणाले, "त्याच्या पाठीवरच्या केसांत फुंकर मार."

ब्लेसी पळाली. पलीकडून आवाज आला, "आबा! हा आतून काळा हाय!"

गोकुळनं स्वतः फुंकर मारून पाहिली. "आयला! इतकी वर्षं मी याला गोरा समजत होतो."

आबा हसले. "कातडीत रंग करायचं काम जनुकं करतात. आईबापाकडून ती पिल्लाला मिळतात. आपल्याकडं ऊन कडक. ज्या जनावरांची कातडी काळी, त्यांना ऊन कमी भाजलं, ती धडधाकट राहिली, त्यांची पिल्लं जास्त वाढली. हजारो वर्षं असं चाललं. वर पांढरे केस बरंचसं ऊन परतवतात, उरलेलं काळी कातडी अडवते. म्हशीला केस थोडे, पण कातडी काळी आणि चिखलात लोळायची हौस. बर्फीचे पूर्वज थंड, ढगाळ मुलखातले. तिथं काळ्या ठिगळाखाली काळी आणि पांढऱ्या ठिगळाखाली गुलाबी कातडी असली तरी फारसं बिघडत नव्हतं. माणसांनीही तशाच गाई निवडून वाढवल्या."

"म्हंजी केस हीच तिची छत्री," ब्लेसी म्हणाली, "आन् ती मीच काढून घेतली."

राहेल कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "आता केस येईस्तोवर?"

"सावलीत बांधीन. चारा-पाणी गोठ्यात आणीन. संध्याकाळीच बाहेर काढीन."

"शाळेच्या आधी?"

"आधी."

संध्याकाळी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी मलम दिलं आणि उन्हात बांधू नका म्हणून बजावलं. राहेलनं तिथंच राहूच्या बहिणीला फोन लावला. "अगं, टेम्पो पाठवू नको. न्हाई, न्हाई, आजारी न्हाई. उन्हानं भाजली. उद्यापासनं पोरगी पाचला उठणार हाय, आधी ते तर बघू दे."

सकाळी पाचला ब्लेसी उठली नाही. सव्वापाचला बर्फी हंबरली, तेव्हा मात्र ती चप्पल न घालताच बादली घेऊन धावली.