सायलेन्सरवरची खूण

नेलपॉलिशची बाटली दातांत धरून ती गाडीखाली सरकली. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं पोट गार पडलं होतं. मोबाइलच्या उजेडात तिने मागच्या सायलेन्सरला नळी जिथे जोडलेली होती ती जागा शोधली, फडक्याने गंज पुसला आणि तिथे वाटाण्याएवढा लाल ठिपका दिला. तेवढ्यावर मन मानेना, म्हणून शेजारी आणखी एक.

"दिसेल असा लावू नकोस," बाहेरून दादा म्हणाला. "त्यांच्या नजरेत भरला की संपलं."

"बाहेर उभं राहून सांगायला काय जातंय तुला?"

"कंबर धरलीय माझी. नाहीतर मीच शिरलो असतो."

तिच्या या थोरल्या भावाची कंबर अशा कामाच्या वेळी हमखास धरायची. सल्ले द्यायला मात्र तो केव्हाही तयार. मागे एका गॅरेजवाल्याने नुसती पट्टी सैल झाली होती तर तिच्या गळ्यात अख्खी नवी नळी मारली होती. ते दादाच्या लक्षात आलं आणि तेव्हापासून घरात चार माणसं जमली की तो हा किस्सा रंगवून सांगायचा. लोक हसायचे, तीही हसायची, आणि मनातून जळून जायची. दिवसभर घरोघर जाऊन पडलेल्या माणसांना उभं करणारी, त्यांच्या आखडलेल्या हातापायांना व्यायाम देणारी बाई, पण गाडीचा बॉनेट उघडला की तिला कोणीही टोपी घालावी, असं तिला स्वतःलाच वाटू लागलं होतं.

"मिस्त्रीकाका तसले नाहीत रे," कपडे झटकत ती म्हणाली. "बाबांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याच हाताखाली आहे."

"काका नसतील. पण गॅरेज त्यांचं आहे का? थोरले मालक गेले, आता मुलगा बघतो. नोकराला वरून सांगितलेलं करावं लागतं." दादाने आवाज उगाचच खाली आणला. "ही माणसं एक कुजका सायलेन्सर ठेवूनच देतात. येईल त्या गिऱ्हाइकाला तोच दाखवायचा, हा बघा तुमचा. म्हणून खूण. आणि कसली खूण केलीय ते मिस्त्रीला अजिबात सांगायचं नाही. सांगितलं की पुढच्या वेळी खुणेसकट तयार ठेवतील."

तिने मान हलवली आणि गाडी सुरू केली. सायलेन्सर इतका फुटला होता की वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन बंद झाली.

गॅरेज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मिस्त्रीकाकांनी गाडी वर चढवली, खाली उभं राहून पाहिली आणि तिला जवळ बोलावलं.

"ताई, सायलेन्सरचा डबा गेला हो. पॅच मारून दिला असता, पण पॅच धरायला पत्रा तर उरायला हवा. नळी मात्र चांगली आहे. तिला हात लावत नाही."

हे तिला बरं वाटलं. पण बरं वाटतं तिथेच माणूस फसतो, असं दादा म्हणायचा. ती रिक्षाने पेशंटकडे गेली आणि दुपारी परत आली, तेव्हा गाडी मांजरीसारखी गुरगुरत होती.

"जुना बघायचाय मला."

काकांनी सायलेन्सर आणून तिच्या पायाशी ठेवला. ती उकिडवी बसली. जोड पाहिला, उलटा केला, पुन्हा पाहिला. काजळी होती, गंज होता. लाल काहीच नव्हतं. काळजात चर्र झालं, आणि खरं सांगायचं तर त्याखाली थोडा आनंदही झाला. एकदा तरी तिने पकडलं होतं.

"हा माझा नाही."

"ताई, तुमच्याच गाडीचा आहे. आत्ता मी माझ्या हातांनी काढलाय."

"नाही. मला कसं कळलं ते विचारू नका."

"नाही विचारत," काका म्हणाले. "पण हा तुमचाच आहे."

चोर चिडतो, आरडाओरडा करतो, असं तिने ऐकलं होतं. काका चिडले नाहीत. खांद्यावरचं फडकं घेऊन ते एकेक बोट पुसत राहिले. एरवी तिला त्यातून काही वेगळं दिसलं असतं. त्या दिवशी मात्र चिडायलाही तोंड उरलं नाही, एवढाच अर्थ तिने काढला.

मालक काचेच्या केबिनमध्ये बसला होता. वयाने तिच्यापेक्षा लहान, बोलायला गोड. तिने सगळं सांगितलं. मिस्त्रीला सांगायचं नाही असं ठरलं होतं, मालकाला सांगायला हरकत नव्हती.

"खूण? कसली खूण?"

"नेलपॉलिशची. आज सकाळी मी स्वतः लावली."

मालक जरा थांबला. "नेलपॉलिश," तो म्हणाला. "सकाळी लावलीत, आणि मग गाडी इथपर्यंत चालवत आणलीत?"

"हो. का?"

"नाही, सहज." त्याने काचेतून बाहेर काकांकडे पाहिलं. काका सायलेन्सर भंगारात न टाकता हातात धरून उभे होते. "बरं झालं बोललात मॅडम. लोक मूग गिळून गप्प बसतात, मग आम्हाला काही करता येत नाही. मजुरी राहू द्या आज."

ती गाडी घेऊन निघाली, तेव्हा तो काकांना आत बोलावत होता.

दादाने हा नवा किस्सा जुन्यापेक्षा जास्त रंगवला. आता त्यात ती हुशार होती. जाऊबाईंनी फोन करून युक्ती विचारून घेतली. तिला मजा वाटायला हवी होती. पण एखाद्या पेशंटची बोटं सरळ करताना मध्येच तिला फडक्याने पुसली जाणारी ती बोटं आठवायची आणि हात थांबायचा. पुढे एकदा त्या बाजूला गेली असता तिने गाडी हळू करून गॅरेजमध्ये डोकावलं. काकांच्या जागेवर कोणीतरी दुसराच माणूस होता.

मग दादाच्या गाडीचा सायलेन्सर वाजायला लागला. रविवारी तो गाडी घेऊन थेट तिच्या दारात आला आणि खालूनच हाका मारू लागला.

"चल, ये बाटली घेऊन. हातगुण आहे तुझा."

ती मागच्यासारखीच गाडीखाली सरकली, झाकण उघडलं आणि ब्रश जोडावर टेकवला. चर्र आवाज झाला. लाल थेंब उकळला, फुगला, काळा पडला आणि तिच्या डोळ्यांदेखत पापुद्रा होऊन खाली गळाला. ब्रशचे केस एकमेकांना चिकटले. मनगट नळीला लागून भाजलं, तेव्हा कुठे ती बाहेर आली.

"काय झालं?"

"जळालं."

"हात?"

"नेलपॉलिश."

दादाने वाकून पाहिलं. कंबर धरलेली आहे हे तो साफ विसरला. "गरम आहे म्हणून. गार असताना लावायची."

"गार असतानाच लावली होती ना मी. मग अख्खं शहर पार करून गेले." ती त्याच्याकडे बघत राहिली. "गेल्यावर काय उरणार होतं तिथे?"

दादा गाडीला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "तरी तो तुझाच होता कशावरून?"

"माझा नव्हता कशावरून, दादा?"

यावर दादाने पहिल्यांदाच सल्ला दिला नाही.

गॅरेजशेजारच्या टायरवाल्याने काकांचा पत्ता सांगितला. काकांना त्याच दिवशी काढलं होतं, हेही त्यानेच सांगितलं. काय बोलायचं ते तिने वाटेत दहा वेळा जुळवलं होतं, आणि दार उघडलं तेव्हा त्यातलं काहीच आठवेना.

दार काकूंनी उघडलं. आत काका खाटेच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधत होते. अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

"मालकाकडे निघालेत," ती कोण हे कळायच्या आधीच काकू म्हणाल्या. "मीच पाठवतेय. म्हटलं, लहान व्हा, दोन शब्द बोला. या वयात दुसरं कोण ठेवून घेणार?"

"ताई, बसा," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच तिला सोसवेना. "तुमच्यावर राग नाही माझा. त्याच्यावरही नाही. गिऱ्हाईक तोंडावर सांगतंय म्हटल्यावर मालकाने काय करायचं? त्याचे वडील असते तरी हेच केलं असतं. त्या पोराला वाईट वाटलं असणार. माझ्याकडे बघत नव्हता बोलताना."

"काका, चूक माझी आहे. सगळी माझी," ती म्हणाली, आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. ठिपका, दादाची ताकीद, भाजलेलं मनगट.

काका आधी नुसते ऐकत राहिले. मग हसू लागले. मनावरचं ओझं उतरल्यावर माणूस हसतो तसे, डोळे पुसत.

"नेलपॉलिश! अहो ताई, त्या नळीवर रंग टिकतो होय? दोन सिग्नल गेले की राख."

"म्हणजे मिटलं ना?" काकूंचा चेहरा उजळला. "अहो, हे सांगा त्यांना. ताई, तुम्हीही चला."

"त्यासाठीच आलेय. मी सांगते त्यांना, की ती खूण—"

"चला," काका म्हणाले आणि दुसरा बूट ओढला. "त्या बिचाऱ्याला तरी काय ठाऊक, तुम्ही कसली खूण केली होती ते."

तिला गप्प बसता आलं असतं. पण खुणेबद्दल काकांपाशी गप्प बसून एकदा काय झालं होतं ते तिने पाहिलं होतं.

"ठाऊक होतं, काका. मी सांगितलं होतं त्यांना. गाडी चालवत आणलीत का, असंही विचारलं त्यांनी."

"कोणी?"

"मालकांनी."

काकांचे हात नाडीवर थांबले.

"असं विचारलं?"

"हो."

"सायलेन्सरवर खूण करायची तर छिन्नीने करायची," काका हळूच म्हणाले. ते तिच्याशी बोलत होते असं वाटलं नाही. "रंग जळतो. मीच शिकवलंय त्याला."

काकूंना त्यातलं काही उमगलं नाही. त्या दारापाशी चपला घालून उभ्या होत्या. "अहो, उठा ना. नंतर ते जेवायला घरी जातील."

काकांनी वाकून नाडी सोडली. एक बूट काढला, दुसरा काढला, आणि दोन्ही पायाने खाटेखाली सरकवले.

"चहा टाक," ते म्हणाले. "ताई पहिल्यांदाच घरी आल्यात."