ओठ न मिटण्याचा ठराव

“प, फ, ब, भ, म आजपासून रद्द,” धाकट्याने ठराव वाचला आणि कागद ताईच्या पलंगावर ठेवला.

ताईने डाव्या हाताने पाटीवर लिहिलं, ‘कारण?’

“प्रशासकीय.”

भाषा दोघांचीच. तो सात वर्षांचा नि ती दहाची असताना आईवडिलांना कळू नये म्हणून काढलेली. पुढे आईवडील गेले, लपवण्यासारखं काही उरलं नाही, तरी भाषा आपली वाढतच राहिली. एकूण लोकसंख्या दोन. काळ मात्र सहा, त्यांतला एक फक्त कालच्या भांडणासाठी. नियम बदलायचा तर दोघांच्या सह्या लागत. एकदा अनेकवचनावरून दोघं आठ महिने अडून बसले. तेवढे दिवस घरात प्रत्येक वस्तू एकच होती.

मग झटका आला. ताईची उजवी बाजू गेली, ओठ मिटेनात. पहिल्याच दिवशी स्वतःचे शब्द ऐकून तिने जे बोलणं बंद केलं, त्याला दोन महिने झाले. “आता बोलल्या नाहीत, तर पुढे अवघड आहे,” डॉक्टरांनी बजावलं होतं.

‘दया नको,’ ताईने लिहिलं.

“दया कसली डोंबलाची! चाळीस वर्षं ही पाच अक्षरं जागा अडवून बसलीत. ओठ मिटा, ओठ उघडा. नुसती दमछाक!”

‘मग तुला मोपा कसं म्हणू?’ मोपा म्हणजे त्यांच्या भाषेत धाकटा भाऊ.

“ते समितीवर सोडलंय.”

‘समितीत कोण?’

“तू. अध्यक्षही तूच.”

ताईने पाटी बाजूला ठेवली. मग अर्ध्या चेहऱ्याने हसली.

“ओआ,” ती म्हणाली. “एन दे.”

नव्या नियमाप्रमाणे उच्चार अचूक होता. धाकट्याने घाईघाईने पेन दिलं, तेही उलटं. तिने डाव्या हाताने सही केली.

धाकटा तीस वर्षं नोंदणी कचेरीत सह्या ताडून बघत होता. एक वेलांटी इकडची तिकडे झाली की कागद परत. एकदा तर त्याने स्वतःचा रजेचा अर्ज सही जुळत नाही म्हणून स्वतःलाच परत पाठवला होता.

त्याने खिशातून भिंग काढलं, जुना ठराव शेजारी ठेवला आणि ताईच्या दोन्ही सह्या सावकाश पाहिल्या. एकही रेघ सारखी नव्हती.

त्याने खाली शेरा मारला : सही जुळते.