अर्धा आरसा आणि दोन कप

मी एक जुना अर्धा आरसा आहे. हसू नका, मित्रांनो! मी फुटलेलो नाही. माझ्या काचेवर चांदीचा मुलामा मुद्दामच पातळ दिलाय, म्हणजे निम्मा प्रकाश माझ्यातून आरपार जातो आणि निम्मा वळतो. भांग पाडायला मी कुचकामी. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझा काय थाट होता म्हणून सांगू!

मला एका काळ्या पेटीत तिरकं बसवलं होतं. दिव्यातून प्रकाशाचा एकच कण सुटे. तो आरपार गेला तर समोरचं यंत्र टक् वाजे, वळला तर बाजूचं. कुठलं वाजणार, हे मलाही आधी कळत नसे, शप्पथ! तिथल्या बाई मुलांना सांगत, "काही शास्त्रज्ञ म्हणतात, इथे जगाच्याच दोन फांद्या होतात. एका जगात समोरचं यंत्र वाजतं, दुसऱ्यात बाजूचं. आणि दोन्हीकडचे तुम्ही म्हणता, आमचंच जग खरं!" मुलं माना डोलवत. त्यांना कितपत कळे, ते मला विचारू नका.

शेजारच्या टेबलावर एक सर काम करत. दुपारचा चहा दोघं माझ्याजवळ बसून पीत. मग कप कोणी घासायचे? ते मी ठरवायचं. समोर वाजलं तर सर, बाजूला वाजलं तर बाई. हरलेलं माणूस उठताना म्हणे, "असू दे, तिकडच्या जगात तूच घासतोयस!" नाहीतर, "घासतेयस!" रोजची थट्टा, पण मला तिचा कधी कंटाळा आला नाही.

एकदा सरांना परदेशातल्या मोठ्या संस्थेचं बोलावणं आलं. बाईंचे वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून बाईंना गाव सोडता येणार नव्हतं. बाई उसनं हसू आणून म्हणाल्या, "आरशालाच विचार की. समोर वाजलं तर जा."

सरांनी दिव्याचं बटण बंद केलं.

"नको. विचारलं तर कुठल्यातरी एका जगात मी जाईन. तुला सोडून गेलो, असं एकही जग मला नकोय."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं. त्या दिवशी कप दोघांनी मिळून घासले.

त्यांचा संसार झाला, केस पांढरे झाले. मग नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. कोणा शहाण्याने शर्टाच्या टोकाने पुसून मला ओरखडाही पाडला! एक दिवस कळलं, सर गेले.

बाईंच्या नोकरीचा शेवटचा दिवस उजाडला. त्यांनी मला बाहेर काढलं, मऊ कापडाने पुसलं, पेटीत बसवलं. चहा दोन कपांत ओतला. एक प्यायल्या, दुसरा तसाच निवला. मग त्यांनी दिवा लावला. टक्! समोरचं यंत्र वाजलं.

"सापडलास! तुझी पाळी!" बाई खुदकन हसल्या. मग निवलेला कप जवळ ओढून म्हणाल्या, "पण आता दोन्हीकडे मीच घासणार रे."

त्यांनी उठून दोन्ही कप घासले आणि शेजारी शेजारी पालथे घातले.

मित्रांनो, मला बोट लावू नका, पुसाल तर मऊ कापडाने पुसा. कपांची पाळी खुशाल विचारा. पण कोणाजवळ थांबायचं, हे मला विचारू नका. सरांनी तेवढं एकच मला विचारलं नव्हतं.