टापटिपीचा पोरगा

नव्या गोळीने हितेशच्या डोक्यातले आवाज बंद झाले आणि कामोठ्यात त्याच्या वडिलांच्या, तुळशीरामांच्या घरी आनंदीआनंद झाला. स्किझोफ्रेनिया आटोक्यात आलाच, वर पोरगा स्वच्छताप्रेमीही झाला. दिवसभर हात धुवायचा. बोटांची कातडी फाटली, तेव्हा आईने, कमळाबाईंनी, शेजारणींना मुद्दाम दाखवलं.

"माजा हितेश बगा, कसा टापटिपीचा झालाय. नायतर तुमचे."

हितेशला कुणी काही विचारलं नाही. बऱ्या झालेल्या माणसाला काय विचारायचं? आवाज निदान परके होते, त्यांना शिव्या तरी घालता यायच्या. आता गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, हे तो स्वतःच स्वतःला विचारायचा आणि स्वतःच्या उत्तरावर त्याचा काडीचा विश्वास नसायचा.

मग उलव्याला चुलतबहिणीची हळद आली. सगळे गाडीत बसले आणि हितेश कुलूप बघायला वर गेला. खाली आला, पुन्हा गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. मंडळी पोचली तेव्हा मटणाच्या टोपात नुसता रस्सा उरला होता. फाटलेल्या हातांनी जे तुळशीरामांच्या ध्यानात आणलं नव्हतं, ते त्या टोपाने आणून दिलं.

"याला कायतरी झालंय," ते म्हणाले. "आवाज गेलं ना? मग गोळी बंद कर."

हितेशलाही मोह झाला. पण आवाजांच्या भीतीने गच्चीवर टाकीमागे लपून काढलेले दिवस तो विसरला नव्हता. तो पनवेलला डॉक्टरांकडे गेला.

"आवाज?"

"नाहीत."

"उत्तम. हेच चालू ठेवा."

एरवी तो इथेच उठायचा. आज त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं.

"या गोळीने काहींना होतं असं," डॉक्टर म्हणाले. "आधी का नाही बोललात?"

"तुम्ही आवाजांचंच विचारता."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. मग त्यांनी गोळी थोडी कमी केली, जोडीला दुसरं औषध दिलं आणि मनाने काही बंद करायचं नाही, असं बजावलं.

हळूहळू कातडी भरून आली. संशय पुरता गेला नाही. हिवाळ्यात हितेश एकटाच बसने उरणला मावशीकडे निघाला. वाटेत कुलूप आठवलं, पण तो उतरला नाही. मावशीने मांदेलीचं कालवण केलं होतं. तो पोटभर जेवला आणि मुक्कामाला राहिला.