नऊ इंचांची बैठक

मी एक जुनं बुटकं स्टूल आहे. उंची नऊ इंच. या घरात माझ्याहून बुटकं फक्त पायपुसणं आहे, आणि आमचं पटत नाही.

मित्रांनो, माझा जन्म एका मोडक्या दारातून झाला. कोपऱ्यावरच्या सुतारकाकांनी त्या दाराच्या लाकडातून माझी पाठ आणि तीन पाय काढले. चौथ्याला लाकूड पुरलं नाही, म्हणून तो एका जुन्या पलंगाचा लावला. तीन पाय एका घरचे आणि चौथा परका. तो पहिल्या दिवसापासून वेगळ्या मताचा. मी सरळ उभं राहायचं म्हटलं की त्याला नेमकं कलायचं असायचं, आणि करकरायची तर त्याला सवयच होती. सांधा फारच हलायला लागला की सुतारकाका एक खिळा ठोकत. भूलबिल काही नाही.

मला घरी आणलं मावशींनी. त्या वेताच्या खुर्च्या विणतात. लोकांच्या फाटक्या बैठका त्यांच्याकडे येतात आणि ताणलेल्या, जाळीदार होऊन परत जातात. दुसऱ्यांना ऐटीत बसता यावं म्हणून मावशी स्वतः बावीस वर्षं नऊ इंचांवर बसल्या. समोर खुर्ची, शेजारी वेत भिजत घातलेली बादली आणि खाली मी. त्यांचा चेहरा मला कधी दिसलाच नाही. मी त्यांना वजनावरून ओळखत असे. रागावल्या की धपकन बसायच्या. विणकाम मनासारखं जमलं की इतक्या हलक्या व्हायच्या, की उठून गेल्या की काय असं वाटायचं. एकदा त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "याच्यावर बसलं की हात आपोआप चालतात." आयुष्यात माझं एवढंच कौतुक झालं. ते मी अजून पुरवून पुरवून वापरतो आहे.

मग त्यांचं वजन बदललं. सगळा भार डावीकडे यायला लागला, उजवीकडे नुसता टेकल्यासारखा. उजव्या जांघेत दुखायचं. उठताना 'आई गं' आधी मनात यायचं, मग तोंडात, मग शेजाऱ्यांच्या कानात. त्या लंगडायला लागल्या, तेव्हा मला वाटलं माझ्या चौथ्या पायाचं बघून शिकल्या. मला फार शरम वाटली. पण डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, खुब्याचा सांधा झिजलाय, बदलावा लागेल.

मावशी दवाखान्यातून परत आल्या त्या नवा सांधा आणि एक वॉकर घेऊन. वॉकर उंच, चकचकीत, आणि त्याचे चारही पाय एकाच मताचे. मी माझ्या चौथ्या पायाकडे बघायचं टाळलं.

मावशींची लेक म्हणाली, "आई, आता खाली बसणं बंद. हे स्टूल तुझ्या नजरेलाच नको."

मी गॅलरीत गेलो. माझ्या डोक्यावर कोरफडीची कुंडी आली. कुंडी स्वभावाने वाईट नव्हती. पण ती कधी रागवायची नाही, कधी हलकी व्हायची नाही. वजन रोज तेवढंच. अशा कुणाशी काय बोलणार?

रोज पाच वाजता व्यायाम शिकवायला फिजिओ यायचा. तरुण, सडपातळ, आणि सारखं मोजणारा. मावशींनी त्याचं नाव पाढेमास्तर ठेवलं होतं. खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं.

"टाच ओढत जवळ आणा. पाच... सहा..."

"मास्तर, सात झाले."

"सहाच झाले, मावशी."

"एक मनात केला."

"मनातले मोजत नाही."

त्याचे नियमही मला पाठ झाले. मांडी घालायची नाही. पायावर पाय टाकायचा नाही. खाली वाकून काही उचलायचं नाही. बसताना गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, नाहीतर नवा सांधा निसटेल आणि पुन्हा ऑपरेशन. यातलं निम्मं माझ्याबद्दल होतं, पण माझं नाव कुणी घेत नव्हतं. मावशी तेवढ्या घ्यायच्या.

"मास्तर, मी माझ्या स्टुलावर कधी बसणार?"

"आधी दहा पूर्ण करा."

"एक खुर्ची अर्धी राहिलीय हो. हात विसरले तर?"

यावर मास्तर आकडे मोजायला लागायचे.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी लेक कामाला गेली होती. गॅलरीत वॉकर ठकठकला. मावशींच्या हातात वेताचा लांब आकडा होता. वाकायचं नाही म्हणून वस्तू उचलायला त्यांनी तो स्वतःच वळवला होता. आकड्याने त्यांनी आधी कुंडी ढकलली. कोरफड आडवी झाली. मग आकडा माझ्या पायात अडकवून त्यांनी मला ओढत ओढत थेट अर्ध्या खुर्चीसमोर नेलं. नवरदेवाची घोड्यावरून निघते तशी माझी वरात फरशीवरून निघाली होती, आणि मला घोड्याची अजिबात उणीव भासली नाही.

वॉकर धरून मावशी माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "एकदाच. दोन ओळी विणते आणि उठते." आणि हळूहळू खाली यायला लागल्या.

मित्रांनो, पाच आठवडे मी फक्त याच वजनाची वाट पाहिली होती. त्यांची सावली माझ्या पाठीवर आली. बसा, मावशी, बसा, असं माझं सगळं लाकूड म्हणत होतं. आणि मला खिडकीतलं ते वाक्य आठवलं. माझ्यावर बसलं की गुडघा वर, खुबा खाली.

स्टुलाला हात नसतात. धरता येत नाही, ढकलता येत नाही. मी चौथ्या पायाकडे बघितलं. बावीस वर्षांत आमचं पहिल्यांदाच एकमत झालं. मावशींची साडी जेमतेम टेकली असेल नसेल, तो करकरला. आजवर कधी करकरला नव्हता असा. आणि कलला.

मावशी जिथल्या तिथे थांबल्या. वॉकरवर भार देत त्या पुन्हा सरळ झाल्या.

"मेल्या, तूसुद्धा?" एवढंच त्या म्हणाल्या. मग उंच खुर्चीत जाऊन बसल्या.

पाच वाजता मास्तर आले. आडवी कोरफड बघितली, मधोमध मी.

"बसलात?"

"नाही."

"खरं सांगा."

"त्याला विचारा. त्यानेच बसू दिलं नाही."

मास्तरांनी मला हलवून पाहिलं. चौथा पाय डुगडुगला. "याला तुमच्यापेक्षा जास्त व्यायामाची गरज आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

मावशी हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या, मग अर्ध्या खुर्चीकडे, मग परत माझ्याकडे. "मास्तर, मी खाली जायचं नाही, कबूल. पण खुर्चीने वर यायला काय हरकत आहे?"

मास्तर मोजायचे थांबले. "हे माझ्या पाढ्यात नव्हतं," ते म्हणाले.

सुतारकाका आले. नवा पाय लावू का, म्हणाले. "नको. तोच राहू दे, त्याचे उपकार आहेत," मावशी म्हणाल्या. मग त्याला एक लोखंडी पट्टी मिळाली. तेव्हापासून तो जरा तोऱ्यात असतो.

आता खुर्चीचे आडवे दांडे माझ्या पाठीवर टेकवून सुतळीने बांधतात. तिचे चारही पाय हवेत लोंबतात. लोक खुर्चीवर बसतात, माझ्यावर खुर्ची बसते. समोर उंच बैठकीवर मावशी. विणताना त्या मनात धागे मोजतात, आणि दर अर्ध्या तासाने उठून एक फेरी मारतात, कारण मास्तरांचा हुकूम आहे. हात काहीच विसरले नाहीत. आणि मला त्यांचा चेहरा दिसतो. वेत ओढताना त्यांची जीभ जराशी बाहेर येते. बावीस वर्षं ती तशीच येत असणार, आणि मला पत्ताही नव्हता.

तरी वजन आठवतंच, खोटं कशाला बोलू? वॉकर सुटून आता मावशींच्या हातात काठी आली आहे. काम संपलं की तिचं टोक त्या माझ्यावर क्षणभर टेकवतात. मी त्यात बाकीच्या मावशी मिळवून घेतो. मनातले मोजत नाहीत, हे मला माहीत आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचा खुबा बदलला, तर व्यायाम दहाचे दहा करून घ्या, आणि आम्हा बुटक्यांना खुशाल उचला. पाय अडकू नये म्हणून पायपुसणंही उचला, ते रुसेल, रुसू दे. फक्त गॅलरीत ठेवताना आम्हाला एवढं सांगा, की आमचं काही चुकलेलं नाही, आणि आत कधी आणणार. माहीत नसेल तर तसं सांगा. नाहीतर आम्ही मोजत बसतो.