हातभर कोल्हापूर

मित्रांनो, खालचा दांडा तुटलेला, महाराष्ट्राचा मी एक जुना नकाशा आहे. पाठ कापडाची, कोपऱ्यात मोजपट्टी. छापखान्यातून दिग्रसच्या एका शाळेत आलो आणि भिंतीवर साहेबासारखा मिरवू लागलो. पोरं मात्र भारी! जो येई तो आधी आपलं दिग्रस शोधून त्यावर बोट ठेवी. त्या बोटांनी माझा यवतमाळ जिल्हा पार पांढरा पडला. राग नाही, मला त्याचा अभिमानच वाटतो.

भूगोलाच्या विमलताई दरवर्षी एक धडा हमखास घेत. यवतमाळच्या विमानतळापासून कोल्हापूरच्या विमानतळापर्यंत वातीचं सूत ताणायचं आणि मोजपट्टीवर धरायचं. सरळ रेषेत पावणेसहाशे किलोमीटर. विमान सुटलं तर सव्वा तास. एका वर्षी हे गणित त्यांच्याच लेकीनं, आभानं, सगळ्यांच्या आधी सोडवलं. ताई दिवसभर खुशीत होत्या.

पुढे वर्गात मोठा पडदा आला आणि मी अडगळीत गेलो. धूळ खाल्ली, झुरळं सोसली. निवृत्तीच्या दिवशी ताईंनी मला काखोटीला मारलं आणि घरी आणून भिंतीवर टांगलं.

आभाला नोकरी लागली ती नेमकी कोल्हापूरला. तेव्हापासून ताईंना सूत लागत नाही. कोपर यवतमाळवर टेकवलं की बोटाचं टोक कोल्हापूरला पोचतं.

तुमच्याकडच्या भोंडल्यासारखी आमच्याकडे कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. गाणी झाली की खाऊचा झाकलेला डबा वाजवायचा आणि आवाजावरून आत काय ते मुलींनी ओळखायचं. आभा यात कधी हरली नाही. यंदा कोजागिरीला ती येणार म्हणून ताईंनी करंज्यांचं सारणही करून ठेवलं होतं. आदल्या दिवशी फोन आला.

"आई, मले एकच दिवसाची सुटी भेटली. बसनं तं येण्यातच दिवस जाते."

"काहून? सव्वा तास लागते. तूच तं मोजलं होतं."

"आपल्या यवतमाळले कोल्हापूरचं विमान येते कुठं, आई?"

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मला फार वाईट वाटलं. अंतर मी अचूक सांगितलं होतं, पण माझ्या कागदावर माणूस चालत नाही.

कोजागिरीच्या संध्याकाळी ताईंनी फोनजवळ डबा हलवला. "ओळख."

आभानं तो पुन्हा एकदा हलवायला लावला.

"रिकामा हाय न, आई?"

"तू आली की भरीन."

मित्रांनो, जुन्या नकाशांना फाडू नका, कोरड्या जागी गुंडाळून ठेवा. आणि माझ्यावर हातभर दिसणारं अंतर जमेल तेव्हा खरोखर चालून या. ताई अजून रोज कोपर टेकवून उभ्या राहतात. यवतमाळ तर पोरांनी केव्हाच पुसलं होतं. आता कोल्हापूरही पुसट होऊ लागलं आहे.